पितळेची कडी

ताई,

तुझी भाची अचानक शहाण्यासारखी वागायला लागली, म्हणून तिची आई खूश आहे. मला मात्र हे लक्षण बरं वाटत नाही. त्याआधी महिनाभर ती धड जेवली नाही, कुणाशी बोलली नाही. आणि काल जिवापाड जपलेली रंगपेटी तिने शेजारच्या छोटीला हसत देऊन टाकली. म्हणे, "मला आता नको."

मी पडलो सुतार. तिच्या दाराची आतली कडीच काढली, वर "गंजली होती" म्हणालो.

मघाशी ती म्हणाली, "बाबा, पितळ कधी गंजतं का? भीती वाटतेय तर सरळ विचारा ना."

कसं विचारायचं, हे तुला विचारायला बसलो होतो. पण ती खोलीत गेलीये आणि दार सताड उघडं ठेवलंय. पत्र राहू दे. जातो.

तुझा भाऊ