डाव्या स्पीकरचं कुंकू

सोलापूर, रविवार

ती. अवधूतदादांना चिंतामणीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक. (ठीक नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमची बहीण आठ दिवस करकंबला तुमच्याकडेच आहे. तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच. माझा फोन ती घेत नाही आणि तुमचाही तीच उचलते, म्हणून हे पत्र.)

निवृत्तीनंतर चांगल्या यंत्रावर गाणं ऐकायचं, ही माझी जुनी हौस. पैसे बेताचे, तेही रुक्मिणीने वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेले. "आधी तुमचं होऊ द्या," म्हणाली. (हे ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.) महिनाभर सिद्रामप्पांच्या स्पीकरच्या दुकानात जाऊन बसलो. त्यांचं म्हणणं, अँप्लिफायर वापरलेला चालेल, वायर साधी चालेल, पण स्पीकरमध्ये कंजुषी नको. एकच भजन मी सात जोड्यांवर ऐकलं. तुमच्या श्रावणीचं स्थळ बघतानाही आपण एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. शेवटी सिद्रामप्पाच म्हणाले, "साहेब, आता घ्या की. ह्ये भजन माझ्या गिऱ्हाइकांना पाठ झालं."

घरी आणल्यावर खोली घुमायला लागली. भिंतींना काहीतरी जाड लावा, असा सिद्रामप्पांनी फोनवरून सल्ला दिला. सोलापुरात जाड म्हणजे काय, ते सांगायला नको. तीन भिंतींना सहा चादरी लावल्या, तर समोरच्या गिरिजाबाई जोडीचा भाव विचारून गेल्या.

आता मुख्य प्रसंग. घरात नवी वस्तू आली की रुक्मिणी तिची पूजा करते. फ्रिजची केली, शेगडीची केली. मी नारळ आणायला गेलो तेवढ्यात तिने दोन्ही स्पीकरना कुंकू लावलं, तेही नेमकं बारीक आवाज काढणाऱ्या रेशमी घुमटावर. (बोराएवढा असतो.) डावा घुमट बोटाने आत गेला. मी यंत्र चालू केलं आणि पहिल्यांदाच एकेका बाजूला लक्ष देऊन ऐकलं, तर डावीकडून आवाज दबका. मी बोललो, नको इतकं बोललो. तुझा हात लागला की वस्तूचं वाटोळं होतं, इथपर्यंत गेलो. तिने पिशवी भरली आणि एसटी धरली.

घर खायला उठतं, दादा. गाणं लावायची इच्छा होत नाही. (हे तिला सांगितलंत तरी चालेल.)

आपला,
चिंतामणी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आज मंगळवार. काल सिद्रामप्पा घरी आले. चिकटपट्टीने घुमट अलगद बाहेर ओढला आणि दोन्ही स्पीकर ठणठणीत आहेत म्हणाले. मला पटेना. डावा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. तरी डावीकडूनच दबका. मग त्यांनी मलाच पाठमोरं बसवलं आणि विचारलं, "आता कुठनं कमी येतंय?" मी म्हणालो, डावीकडूनच. "मग स्पीकर न्हाय साहेब," ते म्हणाले, "कान दाखवून या."

आणखी एक. आज दाखवून आलो. डॉक्टर म्हणतात, डावा कान दोनेक वर्षांपूर्वीच अधू झाला असावा. रुक्मिणी जेवायला माझ्या डावीकडे बसते. मला वाटायचं, ही हल्ली फारसं बोलत नाही. चूक माझी आहे, तिला पाठवा. तिची खुर्ची मी उजवीकडे सरकवली आहे.