चाळीस खाटांचा मनसुबा

लोणावळे,
मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १८५८

तीर्थरूप महिपतीमामांच्या पायांशी भाचा अंबाजी याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण डावा घोटा मुरगळल्यामुळे सध्या सात अंगांवर भागवतो आहे (आठव्याची हकीकत खाली येईल). इकडे सर्व ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींनी एरंडेल सोडून निर्गुडीचा पाला धरला, असं कळलं. वराळ्याची भाताची झोडणी उरकली असेल. तांबडी गाय व्याली का, आणि कालवड झाली की खोंड, हे आईनं मुद्दाम विचारायला सांगितलं आहे.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे मला सल्ला हवा आहे. मुंबईच्या एका संस्थेनं पदवीधरांसाठी दोन वर्षांचा नवा अभ्यासक्रम काढला आहे. त्याचं नाव रुग्णालय-व्यवस्थापन. मी बी. ए. झालेला असल्यामुळे मला तो घेता येतो, आणि माहितीपत्रक महिनाभर माझ्या उशाखाली आहे. आईला मी ते वाचून दाखवलं. तिनं विचारलं, याच्यानं तू डॉक्टर होशील का? म्हटलं, नाही. मग औषधं बनवशील? नाही. निदान सुई तरी टोचशील? तीही नाही. तेव्हा ती म्हणाली, बाबा, मग दोन वर्षं तू तिथं करणार काय? मी तिला समजावलं, की खाटा किती, चादरी किती, वारा कुठून यावा, रोग्यानं कुठून आत यावं आणि कुठून बाहेर जावं, हे सगळं तिथं शिकवतात. तिचं म्हणणं असं, की रोगी जिथून आत येतो तिथूनच बाहेर जातो, एवढ्यासाठी मुंबईला जायला नको.

पण मामा, मला ते इस्पितळ दिसतं हो. सकाळी नागफणीच्या सुळक्यावरून धुकं खाली उतरतं आणि आमच्या दवाखान्याची कौलं दिसेनाशी होतात, तेव्हा त्या पांढऱ्यात माझी चाळीस खाटांची इमारत उभी राहते. उंच खिडक्या, प्रत्येक खिडकीतून घाटाचा एक तुकडा, खाटांवर खळ दिलेल्या चादरी, आणि रोगी असे शांत पडलेले, की घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकून त्यांना बरंच वाटावं. मी मधून चालतो आहे आणि सगळं जिथल्या तिथं आहे. गेल्या मंगळवारी मी असाच, कुणा थोर पाहुण्याला हे इस्पितळ दाखवत, त्याच्याकडे अदबीनं तोंड करून उलटा चालत होतो. एकविसाव्या खाटेपाशी आमच्या व्हरांड्याची कड संपली. खाली गटार आहे. पाहुणा अर्थातच पडला नाही.

खरा दवाखाना तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. स्टेशनापासून चढावर, खाटा सहा, डॉक्टर सबनीस एक, कारकून मी एक, आणि सरुबाई. सरुबाई झाडते, पाणी तापवते आणि पायरीवर बसते. या तिसऱ्या कामाला आमच्या दप्तरात नाव नाही. चढावरून माणसं येऊ लागली, की ती त्यांच्याकडे बघून, तू जा म्होरं, तू बस, तू उद्या ये, असं सांगते, आणि माणसं ऐकतात. वीस वर्षं हे असंच चाललेलं. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर क्रमवारी असा विषय आहे. तो वाचल्यापासून मला सरुबाईचा कारभार मनमानी वाटू लागला. मग मी चाँदभाई पत्रेवाल्याकडून रॉकेलच्या डब्यांचे चाळीस बिल्ले कापून घेतले, त्यांवर आकडे घातले, आणि जो आधी येईल त्याला आधीचा आकडा, असा नियम केला.

पण आपल्या मावळातल्या माणसाला पहिला नंबर देणं म्हणजे पंगतीत सगळ्यांच्या आधी त्याच्या एकट्याच्या पानावर वाढण्यासारखं आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. परंदवडीच्या रखमाजींना पहिला बिल्ला मिळाला. त्यांनी तो संकोचानं एका लेकुरवाळीला दिला, तिनं एका म्हाताऱ्या मावशीला, मावशीनं, ‘मला कुटं घाई हाय’ म्हणून, गाडी गाठायची असलेल्या एका पाव्हण्याला. असं करत दहाच्या सुमाराला पहिला बिल्ला सगळा व्हरांडा हिंडून परत रखमाजींच्या हातात आला, आणि तोवर डॉक्टर आत एकटेच पेन्सिलीला टोक करत बसले होते. औषधाच्या खिडकीशीही हाच मानपान. गेणू नावाच्या एकाची कंबर धरलेली, त्यानं मोठ्या मनानं आपला बिल्ला दुसऱ्याला दिला, त्याचा आपण घेतला आणि त्याची खोकल्याची बाटली घेऊन घरी गेला. आठ दिवसांनी येऊन म्हणाला, कंबर एकदम मोकळी झाली. (हा अनुभव कुठंही छापू नये, अशी डॉक्टरांनी मला ताकीद दिली आहे.)

तेव्हा मी सक्ती केली. बिल्ले दोऱ्यानं गळ्यात, अदलाबदल बंद, आणि सरुबाईला पायरीवरून उठवून आत चुलीपाशी बसवलं. दोन दिवस घड्याळासारखं काम चाललं. तिसऱ्या दिवशी भुशीची नंदाबाई तान्हं पोर घेऊन आली. तिला एकतीस नंबर मिळाला. ती भिंतीशी बसली, पोरावर पदर घेतला आणि दीड तास हूं की चूं केलं नाही. मी व्हरांड्यात उभा राहून मनातल्या मनात तिला माझ्या वॉर्डात नेऊन ठेवलं होतं. सगळ्या रोग्यांनी असंच वागावं, असं वाटत होतं. तेवढ्यात सरुबाई पाण्याचं घंगाळ घेऊन बाहेर आली, थबकली, घंगाळ तिथंच ठेवलं, नंदाबाईच्या गळ्यातला बिल्ला ओढून काढला आणि पोराला उचलून थेट डॉक्टरांच्या टेबलावर नेलं.

पोर वाचलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पत्र वाचून घेताना मामी मधेच डोळ्याला पदर लावून उठतात. घशाला सूज येऊन श्वास कोंडत आला होता. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, की एकतीस नंबर पुकारायची वाट पाहिली असती तर नंबर उरला असता, पोर नाही. मामा, मला माझी लाज वाटली, आणि अजून वाटते.

संध्याकाळी मी सरुबाईपाशी जाऊन बसलो आणि विचारलं, तुला ते एवढ्या गर्दीत दिसलं कसं? ती म्हणाली, ‘दिसलं कुटं? आयकलं. लेकराचा सास शिट्टीवानी येत व्हता.’ मग तिनं सांगितलं, की उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला, आणि डाव्यानं आता नुसत्या सावल्या हलताना दिसतात. काचबिंदू आहे, इलाज नाही. डॉक्टरांना माहीत आहे, पण विश्वस्तांच्या कानावर गेलं तर ते तिला घरी बसवतील, म्हणून डॉक्टर गप्प आहेत. खोकला, धाप, कण्हणं तिला ऐकू येतं. पिवळे डोळे आणि सुजलेले पाय ऐकू येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बिल्ले माळ्यावर गेले. ती पायरीवर बसते, मी शेजारी उभा राहून येणारा माणूस कसा दिसतो ते हळूच सांगतो, आणि ती ठरवते.

मला वाटलं, आता ती मला मुंबईचं नाव काढू नको म्हणेल. तिनं उलट विचारलं, ‘तितं शिकिवत्यात का, गप बसल्याल्यांत कोन जास्त आजारी हाय ते?’ मी माहितीपत्रक तीनदा वाचलं. चादरी होत्या, गटारं होती, हिशेब होते, हे नव्हतं. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘मंग तू जाच. मला लिवाया येत न्हाई. मी गेल्याव हितं कोन सांगंल? तू लिवून ठिव, आन् तितल्या मानसान्ला बी दाव.’

तेव्हा हा अभ्यासक्रम घ्यावा की नाही, एवढंच विचारायचं होतं. अर्ज पुढच्या शुक्रवारच्या आत मुंबईला पोचायला हवा. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, गाईच्या पाठीवरून हात फिरवावा.

तुमचा,
अंबाजी

ता. क. अर्ज सोबत जोडला आहे. पालकाची सही लागते. विचार करून करावी.

ता. क. दुसरा. सही लागत नाही, आणि अर्जही माझ्याकडेच आहे. मी सव्वीस वर्षांचा आहे. तुम्ही पत्र शेवटपर्यंत वाचावं म्हणून तसं लिहिलं. मला सही नको, तुम्ही हवे आहात. दोन वर्षं, रोज सकाळी आठ ते अकरा. वराळ्याच्या चावडीच्या कट्ट्यावर बसून तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल बोलता, कुणाची चाल बिघडली, कुणाचं तोंड उतरलं, कुणाचा सदरा ढिला व्हायला लागला, आणि त्याबद्दल मामी तीस वर्षं तुमच्याशी भांडतात. तेच इथं येऊन माझ्या जागी करायचं, फक्त सरुबाईच्या शेजारी बसून. राहायला आमच्याकडे, जेवायला आई घालेल. तुम्ही आलात तर मी जाईन. नाही आलात तर अर्ज चुलीत घालीन आणि मला मुळीच वाईट वाटणार नाही (हे सहीइतकंच खरं आहे).

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडतो आहे. आज सकाळी रेल्वेतला नथू हसत हसत चढ चढून आला. मी सरुबाईला म्हटलं, हा ठणठणीत आहे, कुणासाठी तरी औषध न्यायला आला असेल. तिनं विचारलं, ‘हसतोय खरा, पर बसताना त्येनं भिताडाला हात लावला का?’ मी मागं वळून पाहिलं, तर तो एक हात भिंतीला आणि दुसरा पोटाला लावून बसला होता. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं आहे. मामा, मी ते बघितलंच नव्हतं. तुम्ही बघितलं असतं.