बाबांच्या बॉयलरची चाचणी

सांगली, ६ जानेवारी २०२५
ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आईकडून कळलं की तुमच्या छोट्या वाफेच्या रेल्वे इंजिनाचा बॉयलर जोडून झाला आणि संक्रांतीला तुम्ही जाळ घालणार. लहानपणी बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसलात, ते वेड पासष्टाव्या वर्षी पेडगावच्या मळ्यात दहा इंच रुंदीचा रूळमार्ग टाकेपर्यंत आलं. मला त्याचं कौतुकच आहे. पण बॉयलरची गोष्ट निराळी. मी साखर कारखान्यात रोज बॉयलरपाशी असते, म्हणून सांगते: आधी पाण्यानं गच्च भरून, पंपानं दुप्पट दाब देऊन तपासा. पाण्यानं फुटला तर पाणी सांडेल; वाफेनं फुटला तर माणूस राहत नाही. त्यात वाफ सुटल्याचा आवाज तुम्हाला यायचा नाही. मी येईपर्यंत काडी लावू नका.

आईला नमस्कार. माया असू द्यावी.
राजेश्री


पेडगाव, ११ जानेवारी
चि. राजेश्रीस,
अ. उ. आ.

मला, लिंबाजी फिटरला, माझीच पोरगी शिकवायली, हे वाचून आधी राग आला, मग हसू. येलदरीच्या वीजघरात चौतीस वर्षं काढली. कान तिथं गेले, हात न्हाई गेले. वेल्डिंग मी स्वतः केलंय, एकेक जोड तीनदा बघितलाय. तरी तुझ्या समाधानाला तू आल्यावर पाण्यानं तपासू. तोवर नुसतं रंगकाम. तुझी आई म्हणती, घराला दहा वर्षांत रंग न्हाई अन् इंजिनाला तिसरा हात चाललाय.

जेवत जा. लोभ हाय तसाच राहू दे.
तुझा बाबा


पेडगाव, १६ जानेवारी
लाडक्या राजेस,
आईचे आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेले की रडू येतंय, म्हणून लिहायले. संक्रांतीला दुपारी तिळगूळ घेऊन मळ्यात गेले तर धुराड्यातनं धूर. मला न सांगता ह्यांनी जाळ घातला होता. हे वाकून चाकाला तेल द्यायलेत, अन् बॉयलरच्या मागच्या कडेतनं वाफ फुसफुसायली. हाका मारमारून दमले. मग तशीच धावत गेले, दंडाला धरून ओढलं. आधी रागानं बघितलं, मग वाफ दिसली. मला लांब ढकललं अन् फावड्यानं समदे निखारे खाली ओढले. हात लय भाजलाय, पन जीव वाचला. तवापासून बोलणं न्हाई, जेवणात ध्यान न्हाई. इंजिनावर ताडपत्री टाकलीय. तू रागावू नको.

तुझी आई तानुबाई


सांगली, २० जानेवारी
ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. रागावत नाही. गाळप चालू आहे, रजा मिळत नाही. चाचणीचा हातपंप आणि दाबाचं घड्याळ पार्सलनं पाठवते. पाणीच भरा, आत हवा राहू देऊ नका, दाबलेली हवाही वाफेसारखीच फुटते. जे होईल ते खरं कळवा. आणि आईशी बोला.

काळजीत असलेली,
राजेश्री


पेडगाव, ३१ जानेवारी
चि. राजेश्रीस,
अ. उ. आ.

खरं लिही म्हणालीस, म्हणून खरं लिहितो. मी चांगल्या हातानं पंप मारायलो, तुझी आई घड्याळ बघून बोटांनी आकडे दाखवायली. दुप्पट दाब म्हणजे दहापर्यंत न्यायचं होतं. सातवरच मागचा जोड वीतभर उलला अन् पाणी उडालं. तुझी आई चिंब भिजली अन् हसायला लागली. मला हसू आलं न्हाई. पाणी उडालं, त्याच जागी संक्रांतीला ती माझा दंड धरून उभी होती.

मी मळ्यातच खाली बसलो. दुसऱ्या दिवशी बॉयलर कापून टाकला. इंजिनच मोडू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, रूळ राहू द्या, बॉयलर दुसऱ्याच्या हातचा आणा.

तुझ्या ओळखीत परवानावाला वेल्डर असला तर त्याचा पत्ता कळव. मी बाजूला बसून बघीन.

आईचे आशीर्वाद. दोघांवर जीव असू दे.
तुझा बाबा