अवकाशयात्रेचा पहिला नंबर

अण्णा, परवा भूगोलाच्या बाई पुन्हा ऑफिसात येऊन गेल्या, आणि तेव्हापासून मला तुमचा असा राग आलाय की तो काढल्याशिवाय चैन पडणार नाही. तुम्ही जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. गेलेल्या माणसावर, त्यातून वडिलांवर, रागवू नये म्हणतात, पण गेलेल्या माणसानं तरी असले उद्योग मागं ठेवून जावेत का? जामबागेतल्या आपल्या त्याच गाळ्यात बसून लिहितेय. यात्रा कंपनीची पाटी तुमचीच आहे, फक्त काशी-रामेश्वरच्या खाली आता दुबई आणि सिंगापूर आलंय. कपाटात तुमची रजिस्टरं आहेत. त्यातलं एक निळ्या पुठ्ठ्याचं मी दहा वेळा रद्दीत घालायला काढलं असेल आणि दहा वेळा परत ठेवलं. त्यावर तुमच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'अवकाशयात्रा – नावनोंदणी'. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला 'नाही' म्हणताच येत नव्हतं, सगळ्याचं मूळ ते. मी नुकती बी.कॉम. होऊन काउंटरवर बसायला लागले होते. एक गृहस्थ बद्री-केदारसाठी आले. बस भरलेली होती, मी सरळ सांगितलं, जागा नाही. ते गेल्यावर तुम्ही मला जे झापलंत ते अजून कानात आहे. "नाही म्हणायला दुकान कशाला उघडायचं? नाही म्हणायला सरकार आहे. आपण नंबर द्यायचा." मी म्हटलं, अण्णा, नंबर देऊन बस मोठी होते का? तुम्ही म्हणालात, "नंबर लागला की माणूस निम्मा पोचतो." त्या वेळी लोकांना ते पटायचंही, हे खरं. फोनला नंबर, गॅसला नंबर, स्कूटरला नंबर. आपल्या घरी फोन आला तेव्हा ज्यांनी अर्ज केला होता ते आजोबा फोटोत होते, आणि आईनं पहिल्यांदा रिसीव्हरला कुंकू लावलं. त्यामुळं गिऱ्हाईकं तुमची शिक्का मारलेली चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायची आणि समाधानानं घरी जायची. मला मात्र ती शुद्ध फसवणूक वाटायची. तसं मी बोलूनही दाखवलं होतं.

मग ते उदारीकरण आलं आणि तुम्ही हवेतच गेलात. फोन आठवड्यात मिळायला लागले, खाजगी विमानं उडायला लागली, समोरच्या गच्चीवर डिश लागली. तुम्ही सकाळी पेपर उघडायचात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचात, "फोन खाजगी झाला, विमान खाजगी झालं, आता रॉकेट किती दिवस सरकारी राहील?" शेजारचे फुलवाले मियाँ हार ओवता ओवता विचारायचे, "क्या अण्णा, चाँद को बस कब छोड़ रहे?" तुम्ही चेहऱ्यावरची रेघ न हलवता उत्तर द्यायचात, "नंबर लगा के रखो मियाँ. बाद में जगा नै मिली तो मेरे कू बोलना नक्को." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. आणि एक दिवस तुम्ही खरंच रजिस्टर आखून घेतलंत. नाव, पत्ता, माणसं किती, कांदा-लसूण चालतो का, खिडकी हवी का. दोन वर्षांत चौतीस नावं लागली. जगात दुसरीकडं कुठंही माणसं हसली असती. इथं रांग लावली, कारण रांग लावायची सवय आपल्या हाडात मुरलेली होती आणि तेवढ्यात रांगाच संपत चालल्या होत्या.

त्यात पहिला नंबर बाईंचा. मला शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई. त्याच वर्षी रिटायर झाल्या होत्या, त्याच वर्षी त्यांचे यजमान गेले. मूलबाळ नाही. लोकांनी सांगितलं म्हणून काशीचं विचारायला आल्या होत्या, उभ्या उभ्याच. तुम्ही त्यांना बसवलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "काशी राहू द्या, ती कुठं पळत नाही. तुम्हाला स्वतःला कुठं जावंसं वाटतं?" बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांना सांगितलं, पृथ्वी गोल आहे. पुस्तकात होतं म्हणून सांगितलं. एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं असं वाटतं." मला वाटलं आता तुम्ही हसाल. तुम्ही हसला नाहीत. रजिस्टर ओढलंत, नाव लिहिलंत, खिडकी हवी का विचारलंत. बाई म्हणाल्या, "खिडकीशिवाय जाऊन करायचंय काय?" तेवढ्यासाठी मी तुम्हाला त्या दिवशी माफ केलं होतं. ते चुकलंच माझं.

कारण आता रॉकेट खरोखरच खाजगी झालंय, अण्णा. आपल्याच गावात, गच्चीबावलीकडं, माझ्या लेकीच्या वयाची पोरं कंपन्या काढून रॉकेटं बनवतात. परदेशात श्रीमंत माणसं पैसे भरून काही मिनिटं वर जातात, पृथ्वीची गोलाई बघतात आणि जेवायच्या आत खाली येतात. रोज कुणीतरी दारातून डोकावून विचारतं, "मॅडम, स्पेस का पॅकेज रखते क्या?" मला या सगळ्याचा वीट आलाय. ज्या यात्रेत मुक्काम नाही, पंगत नाही, वाटेत कुणाशी ओळख होऊन लग्न जुळत नाही, ती कसली यात्रा? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, विमानसुद्धा आधी निजामाचंच होतं, आता त्यात वडे विकतात, हेही स्वस्त होईल, थोडा दम धर. होईलही. पण कधी? सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला 'दम धर' म्हणून कसं सांगायचं, याचं उत्तर तुमच्या रजिस्टरात कुठल्याच रकान्यात नाही.

तर महिन्यापूर्वी बाई आल्या. हातात काठी, पिशवीत पेपरचं कात्रण आणि तुमची चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये बंद करून आणलेली. कात्रणात परदेशातल्या एका कंपनीची जाहिरात होती. म्हणाल्या, "हिमायतनगरचं घर विकायचं ठरवलंय. बिल्डर मागंच लागलाय, तेवढ्यात तिकीट बसतं. तू फॉर्म भर." मी समजावलं. बाई, अहो, या वयात असलं काही सोसवतं का? त्या म्हणाल्या, कोठी भागातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलंय, हृदय माझं तुझ्यापेक्षा बरं आहे. मी म्हटलं, आयुष्यभराचं घर काही मिनिटांसाठी घालवायचं? त्या म्हणाल्या, "घर मी रोज बघते." मग माझा तोल गेला. मी सांगून टाकलं की ते रजिस्टर म्हणजे अण्णांची निव्वळ थट्टा होती, कुठल्या यात्रेचा पत्ता नव्हता, ते सगळ्यांनाच नंबर द्यायचे. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा सातवीत गेले, नकाशात गोदावरी चुकवून उभी राहिले. "मला काय कळत नव्हतं का गं?" म्हणाल्या. "त्या वर्षी मला सगळे जण कुठं कुठं जायला नको तेच सांगत होते. एका माणसानं विचारलं, खिडकी हवी का. मी त्यावर इतकी वर्षं काढली. आता बस खरंच सुटतेय, तर तू आडवी येतेस होय?"

मी त्या कंपनीला लिहिलं. लिहिताना मनात पक्कं होतं की वय बघून ते नकार कळवतील, आणि नकार त्यांचा असेल, माझा नाही. दोन दिवसांत उत्तर आलं. वयाची अट नाही, डॉक्टरांचा दाखला चालेल, पुढच्या तुकडीत सीट आहे, कळवावं. मी ते पत्र चार वेळा वाचलं. परवा बाई चौकशीला आल्या तेव्हा ते टेबलाच्या खणात होतं, आणि मी त्यांना म्हटलं, "बाई, तूर्त जागा नाहीये. पण नंबर लागलाय तुमचा." किती, विचारलं त्यांनी. एकेचाळीस, मी सांगितलं. एकेचाळीस कुठून आलं देव जाणे. बाईंनी मान डोलावली, काठी उचलली. "बरं. घर तोवर ठेवते मग," म्हणाल्या. दारातून वळून तुमच्या फोटोला नमस्कारही केला. ते बघून मला तुमचाच संताप आला, कारण अशी थाप न अडखळता मारायला मी आणखी कुणाकडून शिकणार?

हे कुठं पाठवायचं नाही म्हणूनच लिहितेय. माझ्या लेकीला मराठी अक्षर धड लागत नाही, तेव्हा तिच्या हाती पडलं तरी चिंता नाही. म्हणून वर टाळलेली एक गोष्ट लिहिते. फॉर्म भर म्हणाल्या त्या दिवशी मी विचारलं होतं, परत आल्यावर राहणार कुठं? बाई सहज बोलून गेल्या, "तुझ्याकडची मागची खोली रिकामीच असते की. मी काही फार दिवसांची नाही." मी हसून विषय बदलला. त्यांचं वय, त्यांचं घर, ही कारणं मी नंतर जमवली, अण्णा. ते पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त ती खोली होती, आणि तिथं बाईंची खाट कुठं मावेल हे. तुमच्याकडं सीट नव्हती म्हणून तुम्ही नंबर दिलात. माझ्याकडं सीटही होती आणि खोलीही होती.