येसूच्या खोलीचं जाळीचं दार

ता. १२ सप्टें. ४३, रवि.
नाय, मला कंटाळा येत नाय. रोज दार पुसतो म्हणून काय झालं? डाक बंगल्यावर बावीस वर्षं चौकीदारी केली, तिथं जाळीची सहा दारं होती. सहाच्या सहा रोज पुसायचो. इथं एकच हाय. त्यातपण लोकांची तोंडं वाकडी. आटगावात कुडाच्या घराला जाळीचं दार कुणी बघितलंय, बोलतात. नसंल बघितलं. मग आता बघा.
दार बंगल्याच्या मागच्या अंगाचं. गंजलं म्हणून भंगारात पडलेलं. साहेबाला विचारलं, डोक्यावर घेतलं नि आणलं. सोबत हे कोरं रजिस्टरपण, कुणाला नको होतं. दार येसूच्या खोलीला बसवलं. येसू माझी पोर. सातवा लागला तशी मुरबाडवरनं बाळंतपणाला आणली. गेल्या सालात तिकडं सासरी हिवताप भरला नि पोटातलं सहा महिन्यांचं गेलं. तिची आईपण तापानंच गेली. शहापूरचा डॉ. सरळ बोलला, "परत ताप आला तर पोर वाचंल असं मी सांगत नाय. तिचंपण सांगत नाय. डास चावू देऊ नका." एवढंच. मला एवढं पुरतं.
दार पुसलं. यापुढं दा. पु. लिवीन. रोज कोण लांब लिवतो.

ता. १३, सोम.
दा. पु. बायजाला शिकवलं. बायजा धाकटी बहीण, नवरा गेल्यापास्नं माझ्याकडंच. आतनं बाहेर झाडायचं, बाहेरनं आत नाय, नायतर धूळ सगळी खोलीत. मऊ कुंचा घ्यायचा. मग रिठ्याच्या पाण्यातलं फडकं, पिळून, आधी उभं मग आडवं. लगेच कोरडं फडकं. शेवटाला घासलेटचा हात, नुसता वास लागंल एवढा. पाणी राहिलं की गंज, धूळ राहिली की वारा बंद.
बायजा सगळं ऐकून बोलली, "दादा, एवढं वहिनीसाठी केलं असतंस तर."
हिच्या तोंडालाच जाळी बसवायला पायजे.

ता. १६, गुरु.
भिंत नि कौलं यांच्यात वीतभर फट. "दाराला जाळी नि वरनं आभाळ मोकळं," बायजा. खरं बोलली म्हणून जास्त राग आला. दिवसभर पेंढा कोंबला. मान मोडली.
खोलीत चूल नाय. दिवस मावळायच्या आधी कडुलिंबाची धुरी, मग दार बंद. दाराची स्प्रिंग तुटलेली, म्हणून दोरीला दगड बांधून खुंटीवरनं सोडला. दार आपोआप मिटतं. धाडकन. येसू दर टायमाला दचकते.
"बाबा, दणक्यानं पोर बाहेर येल."
"दिवस भरल्यावर येल. आधी नाय."
दा. पु.

ता. १९, रवि.
खालच्या कोपऱ्यात भोक, बोट जाईल एवढं. जाळीच्याच कडेच्या तारा एक एक ओढल्या नि सुईनं विणल्यागत भोक भरलं. मी बाहेर, येसू आत. मी टोक आत सारायचं, तिनं धरून परत बाहेर ढकलायचं. निम्मी सकाळ गेली. एकदाच बोलली, "बाबा, तिकडं असं दार असतं तर तो पयला..."
मी बोललो, तार नीट धर.
घासलेट संपलं. दुकानदार बोलतो लढाई हाय, पुढच्या हप्त्याला बघू. नवी जाळी तर शहापुरात कुणी नावपण काढत नाय. मच्छरदाणी मागितली तर हसला. माणसाला नेसायला कापड नाय, बोलला, नि तुला डासांसाठी पायजे.

ता. २१, मंगळ.
दा. पु. कोरड्यानंच. गंज धरला. फडक्यावर तांबडी भुकटी येते. दोन जागी तार नुसत्या बोटानं तुटली. पाऊस सरता सरत नाय, सगळं दमट. येसूला आठवा लागला. असंच चाललं तर ती बाळंत व्हायच्या आत दाराची चाळण होणार. भोकं भरून भरून कडेच्या तारा तरी किती काढू.

ता. २२, बुध.
सुचलं. बिब्याचं तेल. गाडीच्या आसाला लावतो. वाळवी नको म्हणून खांबाच्या बुडाला लावतो, तिथं पाणी शिरत नाय. मग लोखंडाला का नाय? बिबे तापवून तेल काढलं नि दोन्ही अंगांनी जाळीला चोळलं. दार काळं कुळकुळीत. बंगल्यातपण असं नव्हतं. लोकांना बिबा उततो, अंगभर फोड येतात. मला आजवर उतला नाय. एवढं काय त्याचं.
येसू झोपलेली. उठल्यावर बोललो, दार ओलं हाय, लांब राहा. झालं. कशानं ओलं, कशासाठी, एवढा पाल्हाळ कोण लावतो.

ता. २३, गुरु.
येसूचं तोंड सुजलं. कपाळ नि उजवा गाल लालभडक.
काल सांजच्याला रस्त्यावर बैलगाडी वाजली. नवरा आला वाटून ती जाळीला तोंड टेकून बघत राहिली. गाडी दुसऱ्याचीच.
"सुकलं असंल वाटलं, बाबा. मला वाटलं पाणी लावलंय."
बिबा. एवढा एक शब्द सांगायचा होता.

ता. २४, शुक्र.
सकाळी बघतो तर दोन्ही डोळे मिटलेले. गालावर फोड, पाणी गळतं. बायजा खोबरं चावून लावते. मी चालत शहापूर. डॉ.नं मलम दिलं, बोलला डोळे वाचतील, खाजवू देऊ नका.
परत आलो तर दार जाग्यावर नाय. बायजानं लुगडं हाताला गुंडाळून बिजागऱ्यांतनं काढलं नि उकिरड्यावर टाकलं.
"जाळून टाक ते मेलं."
"बिब्याचा धूर? अख्ख्या वाडीला उतंल."
"मग तूच बस तिथं, दार होऊन."
बसलो. धुरी करावी तर येसूच्या डोळ्यांना धूर सोसत नाय. धुरी न करावी तर डास. पंच्याचा वारा घालत बसलो. किती घालणार.

ता. २६, रवि.
काल नि आज दार ओढ्यावर. राख, रिठा, परत राख. स्टेशनातल्या बत्तीवाल्यानं बाटलीच्या बुडाशी होतं ते घासलेट दिलं. कशाला पायजे विचारलं नाय. भला माणूस. उकिरड्यावर जाळी फाटली, तिथं माझ्या जुन्या पागोट्याचा तुकडा शिवला. पातळ हाय, वारा येतो.
माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले. मला उतत नाय, बोललो होतो ना. बरं झालं.
बिबा गेला का राहिला कळणार कसं? बायजा आपणहून बोलली, "माझा दंड घास त्याला. मला लगेच उततं." घासला. बघू उद्या.
येसूच्या हातापायांवर डासांचे चावे. बायजा मोजायला लागली. बोललो गप.

ता. २७, सोम.
बायजाचा दंड साफ. दार बसवलं. दगड काढला, हातानंच मिटतो, दणका नको. शुक्र., शनि., रवि. दार नव्हतं. तीन रात्री.
येसू भिंतीकडं तोंड करून. तिचे डोळे अजून मिटलेले, तरी दाराचा आवाज आला की अंग चोरते.

ता. २८, मंगळ.
परत डॉ.कडं. तीन रात्री दार नव्हतं, बोललो. त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग बोलला, दहा-पंधरा दिवस बघा, थंडी वाजली की लगेच घेऊन या. हिवतापावरचं कोयनेल हाय का विचारलं. संपलं. कोयनेलच्या पुड्या पोस्टातपण विकतात म्हणून गेलो, तिथंपण नाय. लढाईवर गेलं सगळं. पोस्टमास्तर बोलला, घाबरू नका. असं बोलणाऱ्या माणसाला काय करावं.
दा. पु.

ता. ३०, गुरु.
घट बसले. जावई आला, गणपत. येसूचे डोळे उघडलेत पण गालाची कातडी सोलून काळी पडली. तो बघत राहिला. मला काय विचारलं नाय, बायजाला विचारलं. तिनं सगळं सांगितलं, काय ठेवलं नाय.
मग माझ्याकडं न बघता बोलला, "मामा, गाडी मागवतो. घेऊन जातो."
येसूच आतनं बोलली, "तिकडं जाळीचं दार हाय काय?"
तो दाराकडं बघायला लागला. मी फडकं घेतलं नि पुसायला लागलो. थोड्या वेळानं त्यानं दुसरं फडकं उचललं. उभं पुसायचं का आडवं, विचारलं. आधी उभं, बोललो.

ता. ३ ऑक्टो., रवि.
दा. पु. दहावा दिवस. ताप नाय. गणपत राहिलाय. बायजा सारखी कपाळाला हात लावते, येसू वैतागली. "आते, कपाळ झिजंल गो माझं."

ता. ५, मंगळ.
दा. पु. येसू आज पयल्यांदा दाराशी आली. हातभर लांब उभी राहिली. बोलली, "बाबा, दाराला काय लावलंस ते मला रोज सांगायचं."
सांगितलं. रिठा, पाणी, कोरडं फडकं. आणखी काय नाय.
"परत सांग."
परत सांगितलं. तीनदा.

ता. ७, गुरु.
दा. पु. चौदावा दिवस. ताप नाय. दसरा तोंडावर आला. मी बोललो, उद्या पंधरा भरले, सुटलो. बायजा बोलली, पयल्या रात्रीपास्नं कशाला मोजतोस, शेवटच्या रात्रीपास्नं मोज. म्हणजे रविवार. खरं बोलली. ही नेहमी खरंच बोलते, तेच वाईट.
गणपतनं पाळण्याला दोर बघून ठेवला. मी बोललो इतक्यात नको. त्यानं उचलून माळ्यावर टाकला.

ता. ८, शुक्र.
दा. पु. पोर पोटात लाथा मारतं. येसूनं बायजाचा हात धरून पोटावर ठेवला. मला बोलावलं नाय, मी दारातनं बघितलं. जाळीतनं बघितलं की सगळं बारीक चौकटी चौकटींचं दिसतं. पागोट्याच्या तुकड्याच्या जागी काय दिसत नाय.

ता. ९, शनि.
दुपार. ऊन असं की कौलावर पापड भाजावा. बायजा पदरानं वारा घेतेय. गणपत उघडा बसलाय अंगणात.
येसू बोलली, "आते, घोंगडी दे गो जरा."
बायजानं माझ्याकडं बघितलं. गणपत उठून उभा राहिला.
"काय नाय बाबा. नुसतं जरा अंगावर."
डॉ. बोलला ती हीच थंडी का? दात वाजत नायत. कपाळ गार हाय. हात गार हाय. कमरेत दुखतं का विचारलं तर बोलते दुखतं, रोजच दुखतं. बायजा बोलते कळा असतील, नववासुद्धा लागला नाय पण असतील. बायजा पयल्यांदा खोटं बोलते का काय ते मला कळत नाय.
गणपत शेजाऱ्याची गाडी जुंपतोय, तिला शहापूरला डॉ.कडं न्यायला. कोयनेल तिथं नाय ते त्याला ठाऊक हाय, मलापण. तरी जुंपतोय. दुसरी घोंगडी मागितली येसूनं. दिली.
दा. पु. सकाळी एकदा, आता एकदा. काय लावलं ते तिला सांगितलं. "परत सांग" बोलली नाय.
पुढचं लिवणार नाय. कुणी विचारलं तरी नाय.