खेळाच्या पायातली दोरी

अल्माटी, गुरुवार

आदरणीय बिबीगुल आपा,

धाकट्या भावाचा सलाम. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि मेंढ्या (याच क्रमाने) ठीक असोत. आम्ही इथे सुखरूप आहोत. म्हणजे तुझी भाची तोमिरिस आणि भावजय सुखरूप आहेत, असं मला फोनवरून कळतं.

आमचा व्हिडिओ गेम चौथ्यांदा पुढे ढकलला. कारण माझं शिंगरू. (गेममध्ये नुकतंच जन्मलेलं एक शिंगरू पहिली पावलं टाकतं. त्याला चालवणं माझ्याकडे आहे. अकरा महिने झाले, अजून बदकासारखं चालतं.) आमचे साहेब सांझार दर वेळी म्हणतात, दोनच आठवडे कंबर कसा. आम्ही ती इतकी कसली आहे की आता वाकता येत नाही. शेवटी साहेबांच्या आईने निदान केलं, "अरे, चालायला लागलेलं लेकरू अडखळू नये म्हणून त्याच्या पायात दोरी बांधून कापतात, तशी तुमच्या खेळाची कापा की!" साहेबांना पटलं. सोमवारी त्यांनी काळी-पांढरी दोरी वळून आणली, मोठ्या कॉम्प्युटरच्या टेबलाच्या पायांना रीतसर बांधली, घरून कणकेचे तळलेले बाउर्साक आले. पुढचं तुला ठाऊकच आहे: कापणारा चपळ हवा, वेळेचा पक्का हवा, कारण लेकरू त्याच्याच वळणावर जातं. साहेबांनी विचारलं, "तुमच्यात वेळेवर घरी जाणारं कोण आहे?" चाळीस माणसं बाउर्साककडे बघत राहिली. अखेर फरशी पुसणाऱ्या कुल्याशबाईंना बोलावलं, कारण त्या पाचच्या ठोक्याला निघतात. त्यांनी दोरी कापली, आशीर्वाद दिला आणि मला म्हणाल्या, "तुझ्या घरी लेकरू आहे ना रे? मग इथे काय करतोस?" तेवढ्यात पाच वाजले, त्या गेल्या. मी शिंगराकडे वळलो.

त्याच दिवशी तोमिरिस चालली. स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत, सात पावलं. तुझ्या भावजयीने व्हिडिओ पाठवला. मी तो बऱ्याच वेळा पाहिला आणि (सांगायची लाज वाटते) पहिल्या दोन वेळा सोडल्या तर नुसता गुडघा कसा वाकतो तेच पाहत होतो. शिंगरू आता सुरेख चालतं. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मला फार वाईट वाटलं, आपा.

बाकी क्षेम. दाजींना सलाम सांग.

तुझा
येर्झान

ता. क. तोमिरिसची दोरी रविवारी कापायची आहे. सासरची मंडळी म्हणतात, हा मान साहेबांना द्या, मोठा माणूस आहे. मी साफ नाही म्हणालो. तूच ये. तू गुडघे धरून चालतेस, पण वडिलांच्या शेवटच्या दिवशी तू वेळेवर पोचली होतीस आणि मी ऑफिसातून निघतच होतो. पोरीने तुझ्या वळणावर जावं.

ता. क. दुसरा. साहेबांना आता शिंगराच्या शेपटीत दोष सापडला आहे, त्यामुळे रविवारीही काम आहे. मी एक वाजता येतोच. (दोन धर.) दोनला मी दारात दिसलो नाही, तर थांबू नकोस, कापून टाक. माझी वाट बघायची सवय तिला आतापासून लागायला नको.