पश्चिमेच्या भिंतीवरची जाई

मी, गफूर वल्लद चाँदभाई, वय अडुसष्ट, राहणार लोणावळा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली नसताना आणि सकाळचा चहा पोटात असताना हे मृत्युपत्र सांगतो आहे. लिहून घेणारे श्रीपाद गुरुजी. चाळीस पावसाळे मी इथल्या बंगल्यांना गवताचे तट्टे बांधले. आमचा पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. मृगाआधी त्या अंगाची भिंत झाकली नाही तर ओल घरात शिरते. म्हणून गाव मला तट्टेवाला म्हणते.

कलम १. घराचे वाटे मुलगा राजमहंमद आणि मुलगी मेहमुदा यांच्यात शरियतीप्रमाणे व्हावेत. तिथे मी शहाणपण करत नाही.

कलम २. दोन्ही शिड्या, सुंभ आणि दाभण भागीदार रखमाजीस. त्याने एकदा सैल गाठ मारली, तट्टा उडाला आणि शिव्या मी खाल्ल्या. विसरलो नाही, पण माफ केले. कोयता मात्र, कोयता म्हणून, कोणालाच देऊ नये. कारण पुढे येईल.

कलम ३. पश्चिमेच्या भिंतीवरची जाईची वेल एकट्या मेहमुदाची. गुरुजींनी विचारले, "गफूरभाई, वेल स्थावर लिहू की जंगम?" मी म्हटले, "स्थावर लिवा. इतक्यांदा कापली, पन जागा सोडली न्हाई तिनं."

मेहमुदा दहा वर्षांची असताना भाजे गावाहून, मावशीच्या परसातून, ती फांदी घेऊन आली. चहाचा चोथा घालायची, सुतळीने वर चढवायची. पण भिंतीवर वेल असली की तट्टा घट्ट बसत नाही, आणि माझ्या धंद्यात वेल दिसली की हात कोयत्याकडे जातो. जाई फुलते पावसात. मी दरसाल पावसाच्या तोंडावर तिला बुडापासून उतरवायचो. आठ वर्षांत पोरीने एक फूल पाहिले नाही. माझी बायको मदिना म्हणायची, "एक साल तरी पोरीचं मन राखा की." मी म्हणायचो, भिंत आधी.

मग मेहमुदाचा निकाह ठरला, तो ऐन श्रावणात. दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. म्हणाली, "अब्बा, औंदा कापू नका. सेहऱ्यात माज्या जाईची फुलं पायजेत." तिच्या डोक्यावर हात ठेवून मी हो म्हटले.

मे संपत आला, आभाळ भरले. गावभर तट्टे चढले आणि माझीच भिंत उघडी. येणारा जाणारा हसून विचारायचा, "काय गफूरभाई, दिव्याखाली अंधार?" मला ते फार झोंबले. मायलेकी भाज्याला गेल्या होत्या, त्या दुपारी मी वेल कापली आणि तट्टा बांधून मोकळा झालो. संध्याकाळी मेहमुदा आली. तिने पडलेल्या फांद्या गोळा केल्या आणि परसात नेऊन ठेवल्या. सेहऱ्याची फुले पुण्याहून विकत आली.

ती वलवणला नांदायला गेली, त्याला नऊ वर्षे झाली. आईच्या मयतीला आली तीही अंगणातूनच परतली. उंबरा ओलांडला नाही. बाप म्हणून मी चुकलो. ही ओळ गुरुजींनी सौम्य करू नये.

कलम ४. तीन सालांमागे शिडीवरून पडून माझा पाय मोडला. त्या पावसाळ्यात भिंत तशीच राहिली. जाई कौलांपर्यंत चढली आणि अशी फुलली की वास माझ्या खाटेपर्यंत यायचा. मी पडल्या पडल्या रडलो. भिंतीला पोपडे आले, दुसरे काही झाले नाही. जिच्यासाठी लेक गमावली त्या भिंतीला एवढेच व्हायचे होते. तेव्हापासून तिथे तट्टा नाही. माझ्यामागे राजमहंमदनेही बांधू नये. कोयता लोहाराकडे देऊन त्याचे खुरपे करावे आणि ते मेहमुदास द्यावे.

कलम ५. वेलीची एक फांदी वाकवून मी कुंडीत दाबली होती, तिने मुळे धरली आहेत. ती कुंडी माझ्यामागे वलवणला पोचवावी. दोन वर्षे ती दारात आहे. वलवण जवळ आहे. पाय मोडला म्हणून गेलो नाही, असे मी सगळ्यांना सांगतो. पाय त्याच दिवाळीत बरा झाला होता.

कलम ६. वेल एकट्या मुलीला द्यायची तर मुलाची संमती लागते, म्हणून राजमहंमद रेल्वेतून रजा घेऊन शेजारी बसला आहे. सगळे ऐकून तो म्हणाला, "अब्बा, तुमच्यामागं कशाला? आत्ताच चला की."

मी म्हटले, उद्या.

येथवर वाचून दाखवले, ते माझेच बोलणे आहे, म्हणून अंगठा करतो.

गफूर वल्लद चाँदभाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: श्रीपाद गंगाधर वझे, दस्तुरखुद्द
साक्षीदार: दत्तोबा मारुती दळवी
मुक्काम लोणावळा, तारीख १४ मे १९३८

संमती: वरील सर्व मला कबूल आहे. उद्या सकाळी कुंडी उचलून मी दारात उभा राहीन. अब्बा निघेपर्यंत खाली ठेवणार नाही.
राजमहंमद गफूर